बोटांना गाणे शिकविणारे गजाननबुवा

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी संपवून खोलीवर परतलेला एखादा तरुण बास गिटार हाती घेतो, तेव्हा तो लगेच गाणे वाजवीत नाही. आधी आर्पेजिओ. म्हणजे स्वरमेळातले स्वर एकदम न छेडता एकामागून एक घ्यायचे; आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग, प, नि असे चढायचे आणि तसेच उतरायचे. मग हाच क्रम दुसऱ्या स्वरापासून, दुसऱ्या तारेवर, वेगळ्या लयीत. ऐकणाऱ्याला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, आणि काही दिवसांनी वाजविणाऱ्यालाही प्रश्न पडतो, की या घोकंपट्टीतून संगीत नेमके केव्हा सुरू होणार?

हा प्रश्न पाश्चात्त्य वाद्यापुरता नाही. आपल्याकडे अलंकार आणि पलटे घोटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पडलेला आहे. गायक आणि व्हायोलिनवादक पं. गजाननबुवा जोशी यांच्या आयुष्याकडे पाहिले, की त्याचे एक उत्तर मिळते.

बुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी मुंबईत गिरगावात झाला. घरात गाणे वाहतच होते. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे संगीतक्षेत्रातले अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हे बाळकृष्णबुवा. अंतुबुवा औंध संस्थानचे दरबारगायक होते आणि १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गजाननबुवांचे पहिले गुरू तेच.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकलेचे भोक्ते तर होतेच, पण सूर्यनमस्काराचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. तीच आसने, तोच क्रम, रोज पहाटे. ज्या संस्थानाने शरीराच्या नित्य व्यायामाचा एवढा ध्यास घेतला, त्याच संस्थानाच्या आश्रयाला गळ्याचा नित्य व्यायाम करणारे जोशी घराणे असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. दोन्हींतले मर्म एकच. नमस्कार घालणारा काही नमस्कारांचे प्रदर्शन मांडण्यासाठी ते घालीत नाही. दिवसभराच्या कामाला शरीर तयार असावे, म्हणून घालतो.

घराण्याचा वारसा गळ्याचा; पण बुवांनी व्हायोलिनही हाती घेतले. हे धाडसच होते. हिंदुस्थानी संगीतात या परदेशी वाद्याला तेव्हा सारंगीसारखी जुनी परंपरा नव्हती. गाण्यासाठी घरात गुरू होते, मागे गुरूंचे गुरू होते. व्हायोलिनच्या बाबतीत असा आधार नसल्याने ते बव्हंशी स्वतःच्या मेहनतीने साधावे लागले.

त्यात हे वाद्य निर्दय. गिटारला पडदे असतात. बोट थोडे मागेपुढे पडले तरी पडदा स्वर सांभाळून घेतो. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदाच नाही. गंधार कोठे आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कानाने ठरवायचे आणि बोटाने शोधायचे. केसभर चूक झाली तरी ती श्रोत्याला कळते. म्हणून व्हायोलिनवरचा पलटा हा केवळ बोटे मोकळी करण्याचा व्यायाम राहत नाही. तो रोजची कानाची परीक्षा असतो. जमिनीवर मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजविण्याच्या आपल्या पद्धतीत डावा हात वाद्याचा भार पेलण्यातून मोकळा होतो आणि मींडेसाठी बोट तारेवरून सहज घसरू शकते. गळ्यातली मींड बोटात आणायची, तर ही मोकळीक फार मोलाची.

बुवांची भूक एका घराण्यावर भागली नाही. वडिलांकडून ग्वाल्हेर गायकी मिळाली होती. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन लाभले. जयपूर घराण्याची विद्या त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडून घेतली, तर आग्रा घराण्याची विलायत हुसेन खाँ यांच्याकडून. ग्वाल्हेरची सरळ, सपाट तान, जयपूरची स्वरांना पेच घालीत जाणारी तान आणि आग्र्याची बोलांशी व लयीशी चालणारी झुंज, या तिन्हींची चाल निराळी. गळ्याला तीन वेळा नव्याने वळण लावायचे आणि तेच वळण पुन्हा बोटांत उतरवायचे, हे किती कष्टाचे असेल याची कल्पना केलेली बरी. एका घराण्याची नक्कल दुसऱ्यात मिसळू न देता तिन्ही पचविणारे कलावंत म्हणून जाणकार बुवांना मानतात, ते या कष्टांमुळेच.

आता पुन्हा त्या आर्पेजिओकडे येऊ. सा, ग, प, नि हे चार स्वर बास गिटारवर ओळीने वाजविले, तर तो बोटांचा उत्तम व्यायाम होतो. आपल्या शंकरा रागातही हेच स्वर ठळकपणे पुढे येतात. पण ते नुसते ओळीने वाजविले म्हणून शंकरा उभा राहत नाही. निषादाशी धैवताचे नाते कसे जुळते, पंचमावरून गंधाराकडे कसे यायचे, कोठे थांबायचे आणि ऋषभाला किती ओझरता स्पर्श करायचा, यावर राग ठरतो. व्यायाम स्वरांच्या जागा देतो. त्यांच्यातली नाती गाण्यातून शिकावी लागतात. बुवांजवळ ही दोन्ही होती. बोटांनी कोठे जायचे, हे त्यांना गळ्याने आधीच सांगितलेले असे. म्हणूनच त्यांच्या व्हायोलिनला गायकीचे अंग लाभले. स्वतंत्र वादनात आणि थोर गायकांच्या साथीतही ते उठून दिसले.

१९७२ साली संगीत नाटक अकादमीने बुवांचाही गौरव केला. पिता आणि पुत्र दोघांनाही हा मान मिळावा, असे क्वचितच घडते. आकाशवाणीशीही त्यांचा संबंध राहिला. पण त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांचे शिष्य. अकाली गेलेले गोमंतकीय व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर, चिरंजीव मधुकर जोशी, गायनात उल्हास कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर अशी किती नावे घ्यावीत! उल्हास कशाळकरांच्या गाण्यात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही वाटा आपापला रंग राखून दिसतात, तेव्हा बुवांनी केलेल्या मेहनतीचे व्याज पुढच्या पिढीला मिळत असल्याची खात्री पटते.

२८ जून १९८७ रोजी बुवांचे निधन झाले. त्यांच्या रियाजाचे तास कोणी मोजून ठेवलेले नाहीत आणि तशी गरजही नाही. हजार वेळा घोटलेला पलटा मैफलीत पलटा म्हणून ऐकू आला, तर मेहनत वाया गेली असे समजावे. तो रागात विरघळून दिसेनासा झाला, तर ती फळाला आली.

लोट्याच्या खोलीत सा, ग, प, नि घोटणाऱ्या त्या तरुणाने एवढे ध्यानात ठेवावे. बोटे तापली, की क्षणभर थांबावे, तोच क्रम आधी गळ्याने गुणगुणावा आणि मग तारेवर घ्यावा. गळा सांगेल ते बोटांनी ऐकायचे. संगीत तेथूनच सुरू होते.