बेने इस्राएलांचे शिक्षणसेवक : हाइम सॅम्युएल केहीमकर



आपल्या गुंजवण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उतरली की कोकण लागते. तेथील अलिबाग तालुक्यात किहीम नावाचे गाव आहे. ह्या गावावरून केहीमकर हे आडनाव पडले. ते ऐकून आपण माणूस हिंदू समजाल, किंवा कोकणी मुसलमानही समजाल. कारण गावावरून पडलेली आडनावे आपल्यातही पुष्कळ आहेत. पण हाइम सॅम्युएल केहीमकर हे धर्माने ज्यू होते. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजात १८३० साली त्यांचा जन्म झाला. एका लहानशा समाजाला शाळा मिळवून देण्यासाठी आणि त्याचा इतिहास लिहून ठेवण्यासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुले. ‘बनी इस्राईल’ हे नाव आपणांस परके नाही. ह्या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी एक जहाज कोकण किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना अलिबागजवळच्या नवगाव येथे मूठमाती देण्यात आली. ह्या लोकांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली गेली. ते तेलाचे घाणे चालवू लागले. तरीही आठवड्याच्या सातव्या दिवशी घाणा बंदच! म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

ग्रंथ नसताना त्यांनी काय टिकविले, हे पाहण्यासारखे आहे. ईश्वर एकच आहे ही ग्वाही देणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना त्यांच्या तोंडी राहिली. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. डुकराचे मांस आणि खवले नसलेली मासळी वर्ज्य होती. प्रायश्चित्ताच्या दिवशी ते अन्नपाण्यावाचून उपवास करीत आणि घराची दारे लावून आत बसत. म्हणून त्या सणाचे मराठी नाव ‘दारफाळणीचा सण’ असे पडले. नवससायासाला ते मलिदा करीत आणि एलियाहू नबींचे, म्हणजे आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो त्यांचे, स्मरण करीत. पुढे कोचीनकडील ज्यूंकडून त्यांना धर्माचे अधिक ज्ञान मिळाले. त्यांच्या धर्मकार्य करणाऱ्यांना ‘काजी’ म्हणत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

एकोणिसाव्या शतकात पुष्कळ कुटुंबे पलटणीतील व कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी मुंबई, पुण्याकडे आली. शिक्षण मिळाले ते मुख्यतः ख्रिस्ती मिशनच्या शाळांतून. ह्या शाळांचे उपकार मोठे होते. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. परंतु पालकांपुढे पेच होता. मुलाला शाळेत घालावे, तर तेथे दुसऱ्या धर्माची शिकवण; न घालावे, तर तो अडाणी राहणार. पालकहो, हा पेच आपणांस समजावून सांगायला नको.

केहीमकरांनी ह्या पेचातून वाट काढण्याचे मनावर घेतले. १८५३ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, सहकाऱ्यांसह त्यांनी समाजात शिक्षणप्रसारासाठी संस्था उभी केली. समाज लहान आणि मध्यम स्थितीतला, त्यामुळे शाळा उभी राहायला बावीस वर्षे लागली. १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा सुरू झाली. मराठी ही घरची भाषा, इंग्रजी नोकरीची आणि हिब्रू धर्माची, ह्या तिहींची तेथे सांगड घालण्यात आली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने साहाय्य केले. तरी खर्चाची ओढाताण संपली नाही. १८९२ साली केहीमकरांनी समाजाच्या इतिहासाची रूपरेषा छापली आणि तिला शिक्षणासाठी साहाय्याची विनंती जोडली. आपण कोण, हे सांगितल्यावाचून मदत मागता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यातूनच त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे काम पुढे गेले. वडीलधाऱ्यांच्या आठवणी, चालीरीती, सणवार, आडनावे, पराक्रमी सैनिकांची नावे, सारे त्यांनी जमविले आणि १८९७ साली बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास आले, असे त्यांचे मत होते. इतिहासकारांचे ह्यावर एकमत नाही. पण त्यांनी नोंदविलेल्या चालीरीतींचा आधार आजही अभ्यासक घेतात. हा ग्रंथ छापलेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वारले. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले.

शाळा टिकली. सर एली कदूरी ह्या ज्यू दात्याच्या देणगीने तिला नवे बळ आले आणि त्यांचेच नाव मिळाले. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. २०११ च्या जनगणनेत भारतभर ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत होती. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. माझगावच्या त्या शाळेत आता इतर समाजांची मुले शिकतात, त्यांत मुसलमान मुलेही आहेत. ज्या समाजाने पै-पै जमवून शाळा काढली, त्याची मुले तेथून गेली. पण फळा, बाक आणि घंटा दुसऱ्यांच्या मुलांच्या कामी येत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, केहीमकरांपाशी सत्ता नव्हती, मोठी दौलत नव्हती. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवण्याचे त्यांचे काम आपणही करू शकता. आपल्या आजीआजोबांना गावाचे, आडनावाचे, जुन्या सणांचे विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. पालकहो, शाळेची वर्गणी देताना हेही लक्षात असू द्या की, ती कोणाच्या मुलाच्या उपयोगी पडेल हे आज सांगता येणार नाही. उपयोगी पडेल एवढे मात्र निश्चित.