बाणाचा कैवारी : जेम्स डग्लस ईस्टन

आपला मित्र दावीद यास सावध करण्यासाठी योनाथानाने सोडलेले बाण पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहेत. आणि एकलव्याची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा विद्यार्थी आपल्या देशात क्वचितच सापडेल. परंतु या सर्व कथांत स्तुती होते ती धनुर्धराची, फार तर धनुष्याची. बाण कोणी घडविला हे कोणी विचारीत नाही. ज्याने आपले सारे आयुष्य या दुर्लक्षित बाणासच वाहिले, अशा एका कारागिराचे चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

गोंदिया जिल्ह्यातील मुलांस तिरकमठा नवा नाही. देवरी, सालेकसा या रानपट्ट्यांतील गोंड बांधवांच्या पूर्वजांचे ते नित्याचे साधन होते. शिकारीस आता कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ही विद्या क्रीडांगणावर जिवंत आहे. म्हणून हे चरित्र परदेशातील असले तरी आपणांस परके वाटू नये.

ईस्टन यांचे बालपण व तारुण्य अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात गेले. कुमारवयात शिकारीच्या प्रसंगी बंदूक अपघाताने उडाली आणि त्यांच्या पायांस भयंकर जखमा झाल्या. खेळण्याबागडण्याच्या वयात या मुलास दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले. अशा वेळी मन कडवट होणे किती सोपे असते! परंतु त्या दिवसांत सॅक्सटन पोप या शस्त्रवैद्याने लिहिलेले धनुर्विद्येवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले, आणि ज्या पलंगावर निराशेने घर करावयाचे तेथेच एका नव्या ध्येयाचा जन्म झाला.

या डॉक्टर पोप यांचा गुरू कोण होता, हेही जाणण्यासारखे आहे. याही नावाच्या आदिवासी जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली होती. तिच्यातील शेवटचा उरलेला पुरुष १९११ साली एकटा, उपाशी, ओरोव्हिल गावी प्रगट झाला. आपले नाव त्याने सांगितले नाही. म्हणून लोक त्यास इशी, म्हणजे त्याच्या भाषेत माणूस, असे म्हणू लागले. डॉक्टर पोप त्याचे वैद्य व पुढे मित्र झाले, आणि धनुष्य कसे घडवावे, बाणाची काडी आचेवर शेकून कशी सरळ करावी, हे त्याच्याजवळ शिकले. १९१६ साली इशी क्षयाने वारला. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले, त्याने आपली विद्या हात न आखडता दिली. ती पोप यांच्याकडून जखमी ईस्टन यांच्यापर्यंत पोहोचली. विद्येचे ऋण कोणाकडून कोणाकडे जाईल याचा नेम नसतो.

बरे झाल्यावर ईस्टन यांनी वॉट्सनव्हिल गावी धनुष्ये व देवदाराच्या जातीच्या लाकडाचे बाण करून विकण्यास आरंभ केला. १९३२ साली ते लॉस एंजल्स शहरी आले व तेथे त्यांनी दुकान थाटले. त्यांचे बाण उत्तम म्हणून नावाजले; परंतु त्यांचे स्वतःचे समाधान होईना. एकाच फळीतून काढलेल्या बारा काड्याही सारख्या नसत. एक जड, दुसरी हलकी. एक ताठ, दुसरी लवचिक. शिवाय दमट हवेत आज सरळ असलेली काडी उद्या वाकडी होई. नेम चुकला तर दोष हाताचा की बाणाचा, हे धनुर्धरास कळावे कसे? बारा बाण अगदी एकसारखे झाल्याखेरीज त्यास खरा न्याय मिळणार नाही, हे ईस्टन यांनी ओळखले.

या शोधातून ते ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीकडे वळले. १९३९ च्या सुमारास त्यांनी असे बाण करण्यास प्रारंभ केला, आणि १९४१ साली लॅरी ह्यूज या धनुर्धराने त्यांच्याच बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. तोच महायुद्ध आले. ॲल्युमिनियम विमानांसाठी हवे झाले आणि बाणांचे काम थांबले. ईस्टन यांनी धीर सोडला नाही. १९४६ साली ठरावीक मापाच्या नळ्या त्यांनी बाजारात आणल्या.

या नळ्यांवर चार आकडे छापलेले असतात. १९१६ असा आकडा पाहून विद्यार्थ्यांनी तो सन समजू नये! पहिले दोन आकडे नळीची बाहेरील जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात व पुढील दोन तिच्या पत्र्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे १९१६ ची नळी १९/६४ इंच जाड व तिचा पत्रा १६/१००० इंच. २०१६ चा पत्रा तितकाच, परंतु नळी अधिक जाड, म्हणून ती अधिक ताठ.

मग जी सर्वांत ताठ तीच उत्तम काय? मुळीच नाही. साध्या पारंपरिक धनुष्याचा दांडा बाणाच्या वाटेत आडवा येतो. दोरी सुटताच बाण क्षणभर वाकतो, दांड्यास वळसा घालतो आणि मग सरळ होऊन लक्ष्याकडे जातो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर डावीकडे जातो, फार लवचिक असेल तर उजवीकडे. म्हणून धनुष्याची ओढ किती व धनुर्धराचा हात किती लांब, हे पाहूनच नळी निवडावी लागते. नळी लांब ठेवली किंवा टोकास जड फळ लावले तर ती नरम वागते; आखूड कापली तर ताठ. यास्तव जाणता कारागीर प्रथम नळी लांबच ठेवतो, नेमून पाहतो, आणि मग थोडी थोडी कापतो. कारण कापलेले पुन्हा जोडता येत नाही.

बाण जुळविण्याचे कामही असेच सावधगिरीचे आहे. नळी करवतीने न कापता फिरत्या चाकाने कापावी, कडेवरील कीस काढावा, आतून पुसून स्वच्छ करावी. फळ किंचित तापवून, गरम लाखेसारखा चिकट पदार्थ लावून बसवावे; नळीस फार आच लागल्यास तिचा कणखरपणा जातो. मागे दोरीची खाच बसवून तीन पिसे चिकटवावीत, आणि ती पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखांतील असावीत. अशा धनुष्यास प्लॅस्टिकच्या पात्यांपेक्षा खरी पिसेच बरी, कारण दांड्यास घासून जाताना ती दबतात व बाणास ढकलीत नाहीत. चीर गेलेला वा चेपलेला बाण मात्र कधीही सोडू नये. तो सोडणाऱ्याच्याच हातास इजा करील.

१९७२ साली म्युनिक येथे बावन्न वर्षांच्या खंडानंतर धनुर्विद्या ऑलिंपिक सामन्यांत परत आली, तेव्हा लाकडी बाणांचा काळ सरून ॲल्युमिनियमचे युग आले होते. त्याच वर्षी ईस्टन निवर्तले. त्यांचे पुत्र जिम यांनी पुढे जागतिक धनुर्विद्या महासंघाचे अध्यक्षपद भूषविले. आज मोठ्या सामन्यांत कार्बनचे बाण दिसतात. तरी नवशिके व पारंपरिक धनुष्याचे चाहते ॲल्युमिनियमचा बाण अजूनही आवडीने वापरतात.

या चरित्रापासून विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा धडा उघड आहे. जखमेने ज्यांचे पाय जखडले, त्यांनी हातांस काम दिले. आणि बाण निर्दोष करून धनुर्धरास आपली चूक ओळखण्याची संधी दिली. बाण सारखे असले की सबब उरत नाही आणि सबब उरली नाही की सुधारणा सुरू होते.

पालकांसही एक विनंती आहे. शेजारच्या मुलाचा बाण आपल्या मुलाच्या धनुष्यास बसेलच असे नाही. कोणाची ओढ किती, हे आधी प्रेमाने पाहावे, आणि कापण्याची घाई करू नये. परमेश्वराने प्रत्येक लेकरास काही ओढ दिलेली आहे. तिला साजेल असा बाण शोधून देणे हे घराचे व शाळेचे समाईक कर्तव्य होय.