खोतानचा मुक्काम

ह्युएन त्संग म्हटला की आपल्या भागातील विद्यार्थ्याला पुलकेशी आठवतो. इ. स. ६४१ च्या सुमारास हा चिनी भिक्षू चालुक्यांच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि येथील लोकांच्या मानीपणाची नोंद करून गेला. परतीच्या वाटेवर त्याने खोतानला केलेला लांब मुक्काम मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. माझ्या मते त्याच्या धैर्याची खरी परीक्षा तेथेच झाली.

खोतान आज चीनच्या सिंक्यांग भागात आहे. त्या काळी तेथे वेगळे राज्य होते. तक्लामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेचे हे हिरवे, सुखवस्तू शहर. नदीत सापडणारे जेड, रेशीम, गालिचे आणि संगीताचा शौक यांसाठी ते प्रसिद्ध होते. एका राजकन्येने केशरचनेत लपवून रेशमाच्या किड्यांची अंडी येथे आणली, ही कथाही त्यानेच लिहून ठेवली आहे. राजा बौद्ध, विहार भरलेले. थकलेल्या वाटसरूला याहून चांगला विसावा कोठला?

पण विसावा शरीरालाच होता. सिंधू ओलांडताना सुमारे पन्नास पोथ्या वाहून गेल्या होत्या. पुढे डोंगरात चोरांच्या गडबडीत त्याचा हत्ती पाण्यात बुडाला. शिवाय मोठी धास्ती वेगळीच होती. सुमारे सोळा वर्षांपूर्वी सरहद्द ओलांडण्याची बंदी मोडून, परवान्याशिवाय, तो देशाबाहेर पडला होता. जाताना काओचांगच्या राजाने त्याला हट्टाने अडकवून ठेवले, तेव्हा उपोषण करून त्याने सुटका करून घेतली होती, आणि परतताना तीन वर्षे राहण्याचा शब्द दिला होता. इ. स. ६४० मध्ये तो राजा वारला, त्याचे राज्यही तांग सम्राटाने जिंकले. शब्द ज्याला दिला तोच उरला नाही.

खोतानहून त्याने काओचांगच्या एका माणसाबरोबर, व्यापाऱ्यांच्या तांड्यातून, सम्राट ताय्‌झुंगला अर्ज धाडला. मग वाट पाहणे आले. (निकालाची वाट पाहणाऱ्यांना हे सांगायला नको!) सात-आठ महिने गेले. हरवलेल्या पोथ्यांच्या प्रती मिळवण्यासाठी त्याने कुचा व काशगरला माणसे पाठवली, आणि स्वतः राजापुढे व भिक्षूंपुढे प्रवचने केली.

उत्तर आले ते अपराध पोटात घालणारे. वाटेतील अधिकाऱ्यांना मदतीचे हुकूमही सुटले. इ. स. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून तो राजधानी छांग-आनला पोहोचला. सम्राटाने देऊ केलेले अधिकारपद त्याने नाकारले आणि इ. स. ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो भाषांतरात गढून राहिला.