बिघडलेला पार्ट बदलणारा माणूस

मे महिना, दुपारचे दोन. नेरूळ स्टेशनवरून मावशीला घेऊन तुम्ही पाम बीच रोडला लागता आणि बाबांच्या बारा वर्षं जुन्या गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागतो. बटण दाबलं की बॉनेटखालून घरघर, वर बेल्ट करपल्याचा वास. मावशी रुमालाने वारा घेतेय. तुम्ही गाडी तशीच गॅरेजला नेता. मेकॅनिक कॉम्प्रेसरची क्लच प्लेट हाताने फिरवून बघतो. ती हलत नाही. कॉम्प्रेसर जाम.

आता तो तुम्हाला दोन रस्ते सांगतो. पहिला, फक्त कॉम्प्रेसर बदलायचा, गॅस भरायचा, संध्याकाळी गाडी घेऊन जायची. दुसरा, कॉम्प्रेसरसोबत ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलायचा, पाइप फ्लश करायचे, कंडेन्सरमध्ये कचरा गेला असेल तर तोही नवा टाकायचा, मग व्हॅक्यूम मारून लीक तपासायचं आणि शेवटी गॅस. पैसे जास्त, वेळही जास्त. आपण काय निवडतो? खरं सांगा. पहिला.

आणि मग काही महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही बसतो. कारण सोपं आहे. एसीत गॅससोबत तेलही फिरत असतं, त्यावरच कॉम्प्रेसर जगतो. कुठेतरी बारीक लीक असतं, गॅस जातो, त्याच्याबरोबर तेल जातं, आतले भाग कोरडे घासतात आणि धातूचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो. तुम्ही कॉम्प्रेसर नवा लावलात, पण चुरा आणि लीक जुनंच राहिलं. जो पार्ट बंद पडला तो फक्त शेवटचा बळी होता.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे एक माणूस. गाडीच्या एसीत कित्येक दशकं जो गॅस फिरला, तो त्याने शोधला. त्याच्याआधी गाडीच्या पेट्रोलमध्येही त्याने एक गोष्ट घातली होती. बंद पडलेली एक गोष्ट दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजूबाजूचं सगळं तपासणं मात्र राहून गेलं. त्याचं नाव थॉमस मिजली. रील्सवर त्याला जगातला सगळ्यात घातक संशोधक वगैरे म्हणतात. पण गोष्ट त्याहून जरा गुंतागुंतीची आहे.

मेकॅनिकल इंजिनिअर, केमिस्ट नव्हे

मिजलीचा जन्म १८ मे १८८९चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. वडील स्वतः संशोधक, टायरवर काम करणारे. पोरगा कॉर्नेल विद्यापीठातून १९११मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रसायनशास्त्राची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. इंजिनिअरिंग करून भलत्याच फील्डमध्ये जाणारे आपणच पहिले नाही बरं का!

१९१६मध्ये तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली लागला. केटरिंग म्हणजे गाडीला हँडल मारायची कटकट संपवणारा, इलेक्ट्रिक स्टार्टर आणणारा माणूस. त्याने या नव्या पोराला एक डोकेदुखी दिली, इंजिनातलं नॉकिंग. पेट्रोल सिलिंडरमध्ये नको त्या वेळी भडकायचं, इंजिन टकटक ठोके द्यायचं, ताकद कमी व्हायची आणि पिस्टनची वाट लागायची.

मिजलीने पाच वर्षं घालवली. पेट्रोलमध्ये आयोडीन घालून बघितलं, मग एकेक करत असंख्य पदार्थ. टेलुरियमने काम होत होतं, पण त्याचा उग्र वास कपड्यांतून आणि अंगातून जाता जाईना. मग तो आवर्त सारणी समोर ठेवून पद्धतशीर पुढे सरकत गेला आणि ९ डिसेंबर १९२१ला शिशापाशी पोचला. टेट्राइथाइल लेड. चिमूटभर घातलं तरी इंजिन गप्प! १९२३च्या फेब्रुवारीत डेटनच्या पंपावर ते पहिल्यांदा विकायला आलं. नाव ठेवलं एथिल. शिसे हा शब्द नावात कुठेच नव्हता.

इथे थांबा. शिसे विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं का? होतं. फार जुन्या काळापासून माहीत होतं. खुद्द मिजलीलाच त्याच वर्षी शिशाची बाधा झाली आणि काम सोडून फ्लोरिडाच्या मोकळ्या हवेत विश्रांतीला जावं लागलं. शिवाय पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग कमी होतं, हेही त्याच्याच प्रयोगांतून दिसलं होतं. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतो, त्यावर एका कंपनीची मक्तेदारी होत नाही. शिसे स्वस्त पडत होतं, थोडंसं पुरत होतं आणि त्याचं पेटंट हातात होतं. गंमत बघा, आज आपल्या पंपांवर जे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतूनही येतं. शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला रस्ता तो हाच.

ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. इतर डझनावारी आजारी पडले. पेपरांनी आरडाओरडा केला. तेव्हा मिजलीने पत्रकार बोलावले, त्यांच्यासमोर ते रसायन हातावर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. बघा, काही होत नाही, हे दाखवायला. स्वतःला बाधा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सरकारी समितीने पुढे बंदीइतका पुरावा नाही असं ठरवलं, आणखी अभ्यास व्हावा असंही सुचवलं. मध्यंतरी थांबवलेली विक्री पुन्हा सुरू झाली.

मेणबत्ती विझवणारा गॅस

आता दुसरं काम. तेव्हाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असायचे. रात्री पाइप गळला तर झोपेतच माणसं मरायची. त्यामुळे घरात फ्रीज ठेवायला लोक घाबरत. १९२८मध्ये केटरिंगने पुन्हा मिजलीलाच गाठलं. न पेटणारा, विषारी नसलेला, फ्रीजमध्ये चालेल असा वायू हवा.

मिजली आणि त्याचे सहकारी अल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅकनेरी यांनी तो काही दिवसांतच शोधला. डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन. नाव लांबलचक आहे, गॅरेजमध्ये त्याला आर-१२ म्हणतात. बाजारातलं नाव फ्रिऑन. १९३०मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध, विष नाही आणि पेटत नाही.

या वेळी त्याचं म्हणणं खरं होतं. त्या गॅसने लोकांचे जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवं. फ्रीज घरोघरी गेले. १९३९मध्ये पॅकार्ड कंपनीने एसीवाली पहिली गाडी आणली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने बेल्ट काढायचा! आज बटण दाबल्यावर येणारा तो टक् आवाज क्लचचा असतो. त्याची किंमत त्या पॅकार्डवाल्यांना विचारा.

मिजलीवर पदकांचा पाऊस पडला. शंभराहून जास्त पेटंट त्याच्या नावावर झाली. १९४४मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

पण १९४०मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. अंथरुणातून स्वतःचं स्वतः उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि पुलींची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेलेला सापडला. हा अपघात होता की नाही, यावर आजही मतं वेगळी आहेत. तो पंचावन्न वर्षांचा होता आणि जगाच्या लेखी मोठा माणूस होता.

बिल नंतर आलं

त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९७४मध्ये, मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की फ्रिऑनसारखे वायू खाली विरघळत नाहीत की तुटत नाहीत. ते हळूहळू वर जातात. तिथे अतिनील किरणांनी त्यांच्यातला क्लोरीन सुटतो आणि तो ओझोन खातो. मिजलीने ज्या गुणाचा अभिमान बाळगला, म्हणजे कशाशीही न भांडणारा गॅस, तोच गुण नडला. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं भगदाड जाहीर झालं. १९८७मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२मध्ये आला आणि १ ऑगस्ट २००८पासून आपल्याकडे या वायूंचं उत्पादन थांबलं, दमा-पंपाच्या औषधांपुरती तेवढी सूट होती.

शिशाचं बिल आपल्या जास्त जवळ आलं. गाड्यांच्या धुरातून निघालेलं शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५मध्ये मिळायला लागलं. देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २०००ला. डेटनच्या त्या पहिल्या पंपापासून बरोबर सत्त्याहत्तर वर्षांनी. म्हणजे तुमचे आईबाबा कॉलेजला जाताना बसस्टॉपवर उभे राहून ही हवा घेत होते, तुम्ही घेतली नाहीत. जगातला शेवटचा देश, अल्जेरिया, २०२१मध्ये थांबला.

मग मिजली गुन्हेगार का? दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतात. फ्रिऑनबाबत त्याने खोलीतल्या माणसाचा विचार केला. आकाशाचा केला नाही, पण तेव्हा आकाशाबद्दल तेवढं कुणालाच माहीत नव्हतं. शिशाचं तसं नाही. तिथे धोका त्याच्या स्वतःच्या अंगात होता, पाच माणसं मेली होती, दुसरा पर्याय टेबलावर होता. तरी त्याने पत्रकारांसमोर हात धुतले. न कळणं आणि कळूनही दडवणं, या दोन गोष्टी एकाच रीलमध्ये कोंबल्या की आपण त्याच्याकडून काहीच शिकत नाही.

आता परत गॅरेजमध्ये चला. मेकॅनिक पाना घेऊन उभा आहे. तुमच्या गाडीत आर-१२ नाही, आर-१३४ए आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी पडतो. गाडीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. पाइप खोलताना फुस्स करून सोडून देणं हा सगळ्यात सोपा मार्ग. त्यामुळे आधी विचारा, उरलेला गॅस काढून घ्यायचं मशीन आहे का? नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. मग विचारा, मुळात लीक कुठे आहे? ड्रायर बदलणार का? पाइप फ्लश करणार का? व्हॅक्यूम किमान अर्धा तास ठेवणार का? आणि गॅस किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, तो अंदाजाने नको, वजन करून भरायला सांगा.

गाडी संध्याकाळऐवजी परवा मिळेल. मावशीला तोपर्यंत रिक्षाने सोडा.