बाकावरच्या गप्पा ऐकणारा डॉक्टर

२०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गोवर-रुबेलाची लस द्यायला सुरुवात झाली. आमच्या शाळेच्या फाटकाशी आम्ही आया घोळक्यानं उभ्या होतो. अफवांना तर ऊत आला होता. पण एका ताईंचा प्रश्न मला रास्त वाटला. रुबेला म्हणजे दोन-तीन दिवस पुरळ आणि थोडी कणकण, मग धडधाकट मुलांना त्यासाठी सुई कशाला? मला काही उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचत बसले, आणि नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची ओळख झाली.

ग्रेग यांचा जन्म १८९२चा, सिडनीतला. १९१५ साली ते डॉक्टर झाले आणि थेट पहिल्या महायुद्धात गेले. तिथं शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवला. क्रिकेट आणि टेनिस दोन्हींत तरबेज. युद्धानंतर इंग्लंडमध्ये डोळ्यांचं शिक्षण घेऊन ते सिडनीला परतले, लग्न झालं, दोन मुली झाल्या. स्वतःचा दवाखाना, शिवाय मुलांच्या इस्पितळात काम. पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत त्यांचं आयुष्य एखाद्या चांगल्या, यशस्वी डॉक्टरचं असतं तसंच होतं.

१९४१ साली मात्र त्यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळं यायला लागली. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत पांढरा डाग, म्हणजे जन्मतःच मोतीबिंदू. बाळं किरकोळ, अंगी न लागणारी, दूधही धड न पिणारी. कित्येकांच्या हृदयात दोष. असं बाळ एखाद-दुसरं येणं वेगळं आणि अशी रांग लागणं वेगळं.

त्या काळी जन्मजात व्यंग म्हटलं की डॉक्टर आई-बापांच्या घराण्याकडे बोट दाखवायचे. आईच्या पोटात बाळ सुरक्षित असतं, बाहेरचा साधा आजार तिथवर जात नाही, अशीच बहुतेकांची समजूत होती. आपल्याकडे अशा बाळाच्या आईला काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, नको ते खाल्लं असेल, कुणाचे तरी शाप असतील. भाषा निराळी, पण शेवटी सगळं येऊन थांबतं बाईपाशीच.

ग्रेग यांनी डोळे बारकाईनं तपासले. डोळ्यातलं भिंग आतून बाहेर थराथरानं वाढतं. या बाळांच्या भिंगाचा जवळजवळ सगळा भाग गढूळ होता, फक्त अगदी बाहेरचे थर तेवढे स्वच्छ. याचा अर्थ, नुकसान गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीला झालं होतं. पण कशानं?

इथं ती बाकावरची गोष्ट येते. दवाखान्याबाहेर आपापली बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या आया एकमेकींशी बोलत होत्या म्हणे. दिवस गेले होते तेव्हा मला जर्मन गोवर झाला होता, असं एकीनं सांगितलं, तर दुसरीलाही तेच आठवलं. हे ग्रेग यांच्या कानावर पडलं. जर्मन गोवर म्हणजेच आपला रुबेला. १९४० साली ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ आली होती. महायुद्धामुळे लष्करी छावण्या तरुणांनी भरलेल्या होत्या, तिथं ती पसरली आणि सुटीवर आलेल्या जवानांबरोबर घराघरांत शिरली.

आता सांगा, दवाखान्यातल्या बायकांच्या गप्पांकडे कोण लक्ष देतं? ग्रेग यांनी दिलं. एकेका आईला विचारलं, इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. अशी ७८ बाळं जमली आणि त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झालेला निघाला, तोही बहुतेकींना पहिल्या-दुसऱ्या महिन्यात. कित्येक जणी तर आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्या आतच तो सोसून मोकळ्या झाल्या होत्या. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्नला डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सभेत ग्रेग यांनी हे सगळं मांडलं.

वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा आणखी काही आया पुढे आल्या. त्यांनाही रुबेला झाला होता आणि त्यांची मुलं बहिरी होती. म्हणजे आयांनी पुन्हा एकदा डॉक्टरांना वाट दाखवली! ग्रेग यांनी बहिरेपणाचाही शोध सुरू केला. ॲडलेडच्या चार्ल्स स्वान यांनी १९४३ साली स्वतंत्रपणे पाहणी करून तेच सांगितलं. तरीसुद्धा १९४४ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मातब्बर वैद्यकीय नियतकालिकानं, हे सिद्ध झालंय असं म्हणता येत नाही, असा शेरा मारला. पुरावा आयांच्या आठवणींवर उभा होता ना!

खरी खात्री पटवली ती आकड्यांनी. हेन्री ऑलिव्हर लँकास्टर या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञानं जुन्या जनगणना आणि मूकबधिर शाळांच्या नोंदी धुंडाळल्या. १८९९च्या सुमारास जन्मलेली बहिरी मुलं एकदम जास्त दिसली, आणि त्याच काळात तिथं रुबेलाची साथ येऊन गेली होती. हे १९५१ साली छापून आलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे १८९९च्या त्या आया आल्या. आपलं काय चुकलं, हा घोर त्यांनी पन्नास वर्षं मनात बाळगला असेल आणि उत्तर न मिळताच बऱ्याच जणी गेल्या असतील.

१९५३ साली ग्रेग यांना ‘सर’ हा किताब मिळाला. उपाय मात्र हाताशी नव्हता. साथीत सापडलेल्या गरोदर बायांना रक्तातून काढलेल्या गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं देऊन पाहिली, पण त्यांचा भरवसा नव्हता. काही ठिकाणी तर लोक मुद्दाम आपल्या लहान मुलींना आजारी मुलांबरोबर खेळायला पाठवत, लग्नाआधीच एकदा होऊन गेलेला बरा म्हणून. विषाणू प्रयोगशाळेत सापडला १९६२ साली. १९६४-६५च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २० हजार बाळं ही व्यंगं घेऊन जन्मली. १९६६ साली ग्रेग वारले. लस आली १९६९मध्ये, ती काही त्यांना बघायला मिळाली नाही.

पोटातल्या बाळाला रुबेलापासून वाचवणारं औषध आजही नाही. जे करायचं ते आधीच करावं लागतं. आता आपल्याकडे ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस सरकारी लसीकरणात मिळतो, मुलींना आणि मुलांनाही. मुलांना अशासाठी, की साथ घरात आणणारे कोण होते ते वर आलंच आहे. ज्या मोठ्या मुलींची लस राहिली असेल त्यांनी मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. मात्र दिवस गेलेले असताना ही लस घेत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर थांबतात.

शाळेच्या फाटकाशी भेटलेल्या त्या ताईंना मी नंतर हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जरा वेळ गप्प बसल्या, आणि मग त्यांच्या मोठ्या जावेबद्दल बोलायला लागल्या. तिचा थोरला मुलगा जन्मापासून बहिरा आहे. तो पोटात असताना तिला कधी पुरळ उठलं होतं का, हे घरात कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं.