एका घोडेस्वाराचा ध्यास

गणेशोत्सव जवळ आला की पेणच्या गणपती कारखान्यांत दिवसरात्र काम चालते. मूर्ती साच्यातून निघते, तिच्यावर रंग चढतो. पण डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच सोपविली जाते. वर्षानुवर्षे तीच रेषा काढूनही त्या हाताची एकाग्रता ढळत नाही, कारण मूर्तीत प्राण येतो तो त्या रेषेने. पेण, रोहा, अलिबाग हे तालुके असलेल्या पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याने एकाच रूपाचा असा ध्यास घेतलेला एक थोर शिल्पकारही दिला. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १८९१ साली अलिबाग तालुक्यातील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. शिवछत्रपतींची राजधानी याच जिल्ह्यातली. बालवयात विनायकाने गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवरायांचे चित्र रेखाटले. तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने या खेड्यातल्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे दार उघडले. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या आश्रयाने त्यांनी कोलकात्यात व्यवसाय केला. लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षणही घेतले.

भिंतीवरचा तो घोडेस्वार मात्र त्यांची वाट पाहत होता. पुण्यात शिवस्मारक उभारण्याचा संकल्प कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सोडला. १९२१ साली कोनशिला बसली, १९२२ मध्ये महाराज निवर्तले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे काम करमरकरांकडे आले. लहानपणी जे कोळशा-रंगाने साधले, ते आता ब्राँझमध्ये, तेही साडेतेरा फूट उंचीचे, साधायचे होते.

शिल्पकाराला एकच आकृती अनेकदा घडवावी लागते. आधी रेखाटने, मग मातीची छोटी प्रतिकृती, त्यानंतर पूर्णाकृती, पुढे प्लास्टर आणि अखेरीस धातू. प्रत्येक टप्प्यावर घोड्याच्या पायांवरचा भार, मानेचा बाक, स्वाराची बैठक यांचा नव्याने विचार करावा लागतो. कागदावर शोभणारी रेषा उंच चौथऱ्यावर लटकी ठरू शकते. पुनरावृत्ती इथे नक्कल नसते. आधी नजरेतून सुटलेले हुडकण्याची ती रीत असते.

त्यात हा पुतळा तुकडे न जोडता एकसंध ओतण्याचे ठरले. तप्त रस साच्यात कुठे अडला असता, तर सारे श्रम वाया गेले असते. मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम यशस्वी झाले आणि १९२८ साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

कीर्ती लाभल्यावरही करमरकरांची ओढ सासवण्याकडेच राहिली. भोवतालची माणसे, कोळिणी, गुरेढोरे यांना त्यांनी शिल्पांत स्थान दिले. पद्मश्रीने सन्मानित झालेला हा कलावंत १९६७ साली निवर्तला. त्यांचे सासवण्याचे घर आता शिल्पसंग्रहालय आहे. मांडव्याला बोटीने उतरणाऱ्या पर्यटकांनी वाट किंचित वाकडी करून ते अवश्य पाहावे. देवळाच्या भिंतीपासून निघालेली रेषा किती दूरवर गेली, याची साक्ष तिथे मिळते.