संख्यांचे सोबती कापरेकर गुरुजी



गणिताच्या चाचणीत मला प्रश्न आला होता, ९१ चे मूळ अवयव पाडा. मी २ ने बघितलं, ३ ने बघितलं, ५ ने बघितलं. भाग जाईना. मग ९१ ही मूळ संख्याच आहे, असे लिहून मोकळी झाले. उत्तर चुकले. तेव्हापासून अवयव म्हटले की माझ्या पोटात गोळा यायचा.

आमचे आबा गुऱ्हाळावर गुळाचे रवे ओळी धरून मोजतात. तसे मी एके संध्याकाळी ९१ चिंचोके सोप्यात मांडले. सात-सातच्या बरोबर तेरा ओळी झाल्या, एकही चिंचोका उरला नाही. म्हणजे ९१ = ७ × १३. दहा दाहे शंभर, ते ९१ पेक्षा जास्त. म्हणून दहाच्या आतल्या २, ३, ५ आणि ७ या चारच मूळ संख्यांनी तपासायचे असते. मी तिसरीवरच थांबले होते. एक पायरी राहिली आणि गणित गेलं!

म्हणूनच आज मी अशा एका शिक्षकांची माहिती लिहीत आहे, जे संख्येचा पिच्छा अर्ध्यावर कधी सोडत नसत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते, त्यांनीच मुलाला वाढवले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड चाले. तिथेच छोट्या दत्तात्रयला आकड्यांची गोडी लागली. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले.

१९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे ते शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती. त्यामुळे काही विद्वान त्यांच्या कामाला पोरखेळ समजत. पण गुरुजींनी वाईट वाटून घेऊन पाटी खाली ठेवली नाही. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचे, असा त्यांचा नेम होता.

१९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत आपला एक शोध सांगितला. तो आपण करून बघूया. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. गुरुजी १९६२ साली निवृत्त झाले, तीच संख्या घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ९६२१, चढत्या क्रमाने १२६९. वजाबाकी केली, ८३५२ आले. पुन्हा तसेच करा. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार! कोणत्याही संख्येला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. यालाच कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आता मी ६१७४ चे मूळ अवयव पाडले. २ ने भागले, ३०८७. ३ ने भागले, १०२९. परत ३ ने, ३४३. मग ७ ने तीन वेळा भाग गेला आणि खाली १ उरला. म्हणजे ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. यातले दोन ३ योगायोगाने आलेले नाहीत. तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली, की उत्तराला नेहमी ९ ने भाग जातो. ८३५२ लाही जातो, करून बघा. आणि ९ म्हणजे ३ × ३!

गुरुजींची आणखी एक गंमत बघा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ५५ चेही तसेच, ३०२५, म्हणून ३० + २५ = ५५. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी संख्या, असे नाव दिले. १२ ही हर्षद आहे, कारण १ + २ = ३ आणि १२ ला ३ ने भाग जातो.

१९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पेन्शन पुरत नसे, म्हणून म्हातारपणी शिकवण्या घेऊन ते दिवस काढत. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्याकडे ना यंत्र होते, ना मोठी प्रयोगशाळा. कागद, पेन्सिल आणि चिकाटी, बस्स. ते सगळं तर आपल्याही दप्तरात आहे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलांसमोर १४३ चिंचोके ठेवा आणि समान ओळी लावायला सांगा. मित्रांनो, ७ वर थांबू नका बरं का. मी थांबले होते, म्हणून सांगते!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी